काटा मधेच होता

गाडीच्या तापमानाचा काटा मी मधे बसवला होता. एका रविवारी सकाळी, बोरिवलीच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, माझ्या हातांनी. वर येऊन हात धुताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. तो काटा तिथे अडकून राहिला म्हणून माझ्या आईला तिच्या धाकट्या बहिणीचं शेवटचं तोंड दिसलं नाही, आणि त्याचा दोष माझ्या धाकट्या भावाने वाहिला. मला सगळं माहीत होतं. मी बोललो नाही.

गाडी जुनीच घेतलेली. आधीच्या मालकाने जपून वापरली होती, पण एक खोड होती. रस्त्यावर पळताना काही कळायचं नाही. सिग्नलला उभी राहिली की अंग थरथरायचं. स्टिअरिंग, आरसा, दाराच्या खणातली पाण्याची बाटली, सगळं बारीक कापत राहायचं. एसी लावला तर आता बंद पडते की काय असं वाटायचं. मागून पेट्रोलचा कच्चा वास यायचा. आई मागे बसलेली असली की म्हणायची, हिला हीव भरलंय. आईचं ते बोलणं तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. नंतर समजलं, तिने नेमका रोग सांगितला होता.

मी इंजिनियर नाही. अंधेरीला एका कंपनीच्या खरेदी खात्यात काम करतो. पण हाताने काहीतरी उघडून बघायची हौस लहानपणापासून आहे, आणि घरात मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत सगळं मीच दुरुस्त करतो याचा थोडा तोराही होता. गाडीचे प्लग काढून बघितले, काळेकुट्ट. नवे घातले; थोड्याच दिवसांत तेही काळे. हवा आत घेणारा भाग साफ केला, तडकलेले रबरी पाइप बदलले, इंजिन ज्या रबरांवर बसतं ती बदलून घेतली. थरथर तशीच. मग लक्षात आलं की तापमानाचा काटा कधी वर येतच नाही. बोरिवलीहून अंधेरीपर्यंत गेलो तरी तो खालच्या रेघेच्या जरासा वर, मरगळल्यासारखा.

त्याचं कारण साधं होतं आणि मुंबईत ते सगळ्या मेकॅनिकना माहीत असतं. इंजिनमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर एक छोटी झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत ती पाणी अडवून धरते. आपल्याकडे जुनी गाडी एकदा तापली की मेकॅनिक ती झडप काढूनच टाकतात. इथे कुठे थंडी पडते, लागत नाही, म्हणतात. गाडी तापायची थांबते, गिऱ्हाईक खूश. पण इंजिन कायम गार राहतं. गाडीचा कॉम्प्युटर समजतो की ही अजून सकाळची पहिलीच चालू झालेली आहे, आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. म्हणून वास, म्हणून काळे प्लग, म्हणून उभ्या जागी थरथर. माझ्या गाडीतलीही झडप कोणीतरी काढलेली होती.

झडप परत बसवायची, एवढंच करायचं होतं. पण त्यासाठी पाणी काढा, पाइप सोडवा, एक दिवस गाडी गॅरेजला ठेवा. आणि मला ते स्वतः, चटकन, काहीतरी डोकं लढवून करायचं होतं. इंटरनेटवर एकाने दाखवलेला उपाय मी पाहिला. इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणारा जो सेन्सर असतो, तो सोडवून त्याच्या वायरींमध्ये एक रेझिस्टर जोडायचा. गव्हाच्या दाण्याएवढी, रंगीत पट्ट्यांची वस्तू. ती जोडली की कॉम्प्युटरला कायम वाटतं, इंजिन बरोबर गरम आहे. पेट्रोल कमी सोडतो. थरथर जाते.

आणि गेली. सिग्नलला गाडी चालू आहे की बंद आहे, कळेना. पेट्रोलचा वास गेला. सकाळी पहिल्यांदा चालू करताना ॲक्सिलरेटर पायाने जरा दाबून धरावा लागे, तेवढंच. घरच्यांना मी फिरवून आणलं. बायको म्हणाली, तुम्ही उगाच नोकरी करता, गॅरेज टाका. भाऊ बाजूला बसला होता, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या सेन्सरवर आमच्या गाडीत तीन गोष्टी चालायच्या. कॉम्प्युटर, डॅशबोर्डावरचा काटा आणि रेडिएटरचा पंखा. काटा मधे येऊन बसला हे मी पाहिलं आणि मला ते शोभून दिसलं. पंख्याचा विचार मी केला नाही. गाडी पळत असते तोवर समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. उभी राहिली की ते काम पंख्याचं. माझ्या त्या दाण्याने पंख्याला कायमचं सांगून टाकलं होतं की सगळं ठीक आहे, उठायची गरज नाही.

भावाच्या नजरेत मात्र एक गोष्ट आली. एकदा सकाळी गाडी काढताना त्याने विचारलं, दादा, नुसती चावी फिरवली की काटा लगेच मधे येतो, गाडी तर रात्रभर गार पडलेली, असं कसं? मी त्याला म्हणालो, आता नीट केलीय ना गाडी, आता असंच असतं. तो आपल्या मोठ्या भावावर विश्वास ठेवणारा मुलगा होता. बरं, म्हणाला आणि निघून गेला.

घरात त्याची ओळख बेफिकीर अशी होती. लहानपणी रॉकेलची बाटली फोडली, तिथून सुरू झालेली. एक नोकरी सोडली, दुसरी धरायला वेळ लावला. मी सरळ होतो, तो वेंधळा, हे इतकं ठरून गेलेलं की तोही स्वतःबद्दल तसंच बोलायचा.

मे महिन्यातली दुपार. मुलुंडहून फोन आला की मावशीचं काही खरं नाही, आईला लगेच पाठवा. मावशी आईची पाठची बहीण. दोघी गावात एकाच ताटात जेवलेल्या, लग्न होऊन मुंबईत दोन टोकांना येऊन पडलेल्या. मी ऑफिसात होतो. भाऊ घरी होता, गाडी खाली होती. मीच त्याला फोनवर सांगितलं, आईला घेऊन निघ.

पवईच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललेलं. गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. ऊन असं की काचेला हात लावता येत नव्हता. आईला घाम फुटला होता म्हणून त्याने एसी चालू ठेवला. पुढे काय झालं ते मला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलंय, आणि दोघांचं सारखंच आहे. आधी गोडसर वास आला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ. मग एक आवाज, आणि इंजिन बंद. मागच्यांनी हॉर्न लावून धरला. भावाने आईला उतरवून दुभाजकावर बसवलं. रिक्षा मिळेना, त्या गर्दीत मिळाली असती तरी हलली नसती. शेवटी तो आईचा हात धरून जॅमच्या टोकापर्यंत चालत गेला, तिथे रिक्षा मिळाली. आई तेव्हाच गुडघ्यांनी अधू झालेली.

ती मुलुंडला पोचली तेव्हा मावशीला खाली घेतलेलं होतं. तोंडावर पदर ओढलेला. बायकांनी सांगितलं, शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, ताई आली का विचारत होती. असं सांगू नये कोणाला, पण लोक सांगतात.

मी एका सहकाऱ्याच्या बाइकवरून पोचलो. दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये भाऊ भिंतीला टेकून उभा होता. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. मावशीचे दीर, शेजारी, आमचे दोन मामा, सगळे तिथे. सगळ्यांच्या देखत मी त्याला म्हणालो, "समोर काटा असतो, तो बघता येत नाही तुला? आई होती रे गाडीत."

तो म्हणाला, "काटा मधेच होता, दादा. मी सारखा बघत होतो."

त्याने हे शब्द उच्चारले त्याच क्षणी मला कळलं. पंखा, सेन्सर, तो दाणा, सगळं एका झटक्यात. पायाखाली पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. तिथेच थांबता आलं असतं. मी आवाज चढवला. "मग काय उगाच उकळलं इंजिन? खोटं तरी नीट बोल." एक मामा म्हणाले, जाऊ दे रे, त्याचं लक्ष कुठे असतं ते काय नवीन आहे का. आत आई बसली होती. तिने मान वर करून भावाकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

संध्याकाळी स्मशानातून येऊन मी गॅरेजात गेलो. गाडी ओढून तिथे आणली होती. मेकॅनिक दुसऱ्या गाडीखाली होता. मी बॉनेट उघडलं, सेन्सरच्या वायरींमधून रेझिस्टर उपटला, वायरी पूर्वीसारख्या जोडल्या, टेप गुंडाळली आणि तो दाणा खिशात टाकला. घरी येताना गटाराच्या जाळीत सोडला. अजूनही शर्ट धुवायला टाकताना मी आधी खिसा चाचपतो. त्यात काही नसतं. बायकोला वाटतं, मी सुटे पैसे शोधतोय.

मेकॅनिकने सगळं तपासून सांगितलं की पंखा चालू आहे, सेन्सर चालू आहे, काटा बरोबर दाखवतो. चालवणाऱ्याचं लक्ष नव्हतं. त्याने जे समोर होतं ते सांगितलं. इंजिनचं हेड, म्हणजे तापून वाकलेला वरचा भाग, उघडून, घासून, गाडी परत उभी केली. आणि भावाचं प्रकरण घरात कायमचं बंद झालं.

त्यानंतर भाऊ चालवत असलेल्या गाडीत आई कधी बसली नाही. भांडण केलं नाही, टोमणा मारला नाही. तो चालवणार असला की तिचं डोकं दुखायचं, नाहीतर गुडघा. मी चालवत असलो की बसायची, आणि प्रत्येक सिग्नलला मागून विचारायची, "गाडी तापली नाय मा?" मी म्हणायचो, नाही आई. दर वेळी माझी नजर काट्यावर जायची. दिंडोशीच्या सिग्नलला, अंधेरीच्या पुलाखाली, कुठेही. दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसलो तरी आधी काटा बघतो. काटा मधे असला की मला बरं वाटत नाही. झडप मी पुढेही बसवून घेतली नाही. गॅरेजात तो विषयच काढवेना. गाडी गार चालत राहिली, थरथरत राहिली, आणि ती थरथर माझ्या वाट्याची आहे असं समजून मी ती सहन केली.

भाऊ लग्नानंतर घाटकोपरला राहायला गेला. यंदा त्याने स्वतःची गाडी घेतली. नवी. मे महिन्यात आईला गावी न्यायचं त्याच्या मनात होतं. आईलाही जायचं होतं, घरातल्या देवाला, देवळात. पण मला म्हणाली, "त्येच्या गाडयेत मी बसूचंय नाय. तूच चल." भावाने मला फोन केला. म्हणाला, तू सांगून बघ ना आईला, तुझं ऐकते. मग थोडं थांबून म्हणाला, मी आता काटा बघतो रे. हे तो गमतीत म्हणाला. मी फोन ठेवला आणि बराच वेळ बाथरूममध्ये उभा राहिलो.

माझी गाडी तेवढ्या लांब न्यायच्या लायकीची राहिली नव्हती. थरथर इतकी वाढली की सिग्नलला दोनदा बंद पडली. मी गोरेगावच्या एका नव्या गॅरेजात नेली. गावी कसं जायचं ते ठरवायचं म्हणून भाऊही तिथे आला होता. तो कोपऱ्यावर चहा सांगायला गेला, तेवढ्यात मेकॅनिकने कॉम्प्युटर जोडून बघितला आणि म्हणाला, साहेब, थर्मोस्टॅटच नाही ह्यात, सगळं त्याचंच आहे. मग सेन्सरच्या वायरीवरची जुनी टेप सोलून त्याने मला बोलावलं. वायरींचं प्लास्टिक खरवडलेलं होतं.

"इथे कोणीतरी रेझिस्टर मारला होता. काटा फसवायला. तुम्ही केलं काय?"

मी म्हणालो, "आधीच्या मालकाने केलं असेल."

इतक्या वर्षांनी, कोणी विचारताच, एवढ्या सहज. मला माझाच आवाज ओळखीचा वाटला नाही.

भाऊ चहा घेऊन आला. मेकॅनिक बोलका होता, त्याने त्यालाही दाखवलं. भावाने ग्लास बॉनेटवर ठेवला. "म्हणजे काटा मधेच राहतो?" मेकॅनिक हसून म्हणाला, "चावी दिली की मधे. खाली आग लागली तरी मधे. वाट लागते गाडीची."

भाऊ त्या वायरींकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो हसला. "दादा, मी बघितलं होतं बरोबर. मला तर वाटायला लागलेलं की मी बघितलाच नव्हता काटा. मी स्वतःलाच खोटं सांगतोय, असं." मग म्हणाला, चल, आईला सांगू.

त्याच्या गाडीतून आम्ही बोरिवलीला आलो. तो सगळा रस्ता बोलत होता, आणि मी ऐकत होतो. मला वाटेत तीनदा बोलता आलं असतं. मनात एक हिशोबही चालला होता, तो लिहायला लाज वाटते: भाऊ सुटतोय, आई त्याच्या गाडीत बसेल, गावाला जाईल, आणि आधीचा मालक कुठे आहे कोणाला माहीत. कोणाचंच काही जात नाही.

आई खाटेवर लसूण सोलत बसली होती. भावाने तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, हातवारे करून, काटा, वायरी, पंखा. आई ऐकत गेली. तिचा हात थांबला. जरा वेळाने तिने भावाच्या गालावर तळवा ठेवला, लसणाचाच. आणि मग तिचा चेहरा बदलला. आमच्या आईला मी कधी कोणाचं वाईट चिंतताना पाहिलं नव्हतं.

"ज्या मेल्यान ह्या केल्यान, तेचा वाटोळा होवंदे," ती म्हणाली. "माझ्या भयणीचा तोंड माका दिसाक नाय. गावाक गेल्यार देवळात गाऱ्हाणा घालतंय."

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालणं म्हणजे सगळ्या गावासमोर देवाला साकडं. बऱ्यासाठी घालतात, आणि अन्याय झाला तर करणाऱ्याला शिक्षा दे म्हणूनही. नाव माहीत नसलं तरी चालतं. जो असेल तो, एवढं म्हटलं की पुरतं. मी देवधर्म फारसा करत नाही. पण ती तिथे पुजाऱ्यासमोर उभी आहे, काठीवर भार देऊन, आणि माझंच वाटोळं मागतेय, हे मला डोळ्यांसमोर दिसलं.

भाऊ तिला म्हणाला, "असू दे गं आई. त्या माणसाला काय माहीत, गाडीत कोण बसणार आहे. मुद्दाम कोण करतं?"

तो त्या माणसाची बाजू घेत होता. मला तिथे उभं राहवेना.

मी म्हणालो, "आई, गाऱ्हाणं घालू नकोस. ते मी केलं होतं."

दोघांनाही आधी समजलं नाही. मी सांगत गेलो. रविवारची सकाळ, तो दाणा, पंखा, आणि मग गॅरेजातली संध्याकाळ. आईने एकच विचारलं, तुका तेव्हाच म्हायत होता? मी मान हलवली. तिने सोललेल्या पाकळ्या ताटलीत गोळा केल्या, ताटली बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. भाऊ उठून खाली निघून गेला. चप्पल न घालता.

मी त्याची चप्पल घेऊन खाली गेलो. तो त्याच्या गाडीत बसला होता, गाडी बंद, काचा खाली. मी बाजूला जाऊन बसलो. त्याने समोर बघतच विचारलं, "मुलुंडला मला बोललास, तेव्हा तुला आठवलं नव्हतं, बरोबर?"

त्याला हो ऐकायचं होतं. एवढं तरी मी त्याला द्यावं असं त्याला वाटत होतं.

"तू म्हणालास ना, काटा मधेच होता," मी म्हणालो. "तेव्हाच कळलं मला."

"आणि तरी बोलत राहिलास."

"हो."

पार्किंगमध्ये कोणीतरी स्कूटर चालू केली आणि निघून गेलं. आमच्या घरात मोठा भाऊ धाकट्याची माफी मागत नाही. फार तर सॉरी म्हणतो, तेही धक्का लागल्यावर म्हणतात तसं. मला तो शब्द वापरायचा नव्हता.

"तू खरं बोलत होतास आणि मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं," मी म्हणालो. "मावशीकडे आईला मी पोचू दिलं नाही, तू नाही. आज गॅरेजातही मी खोटं बोललो. मामांना, मुलुंडच्या सगळ्यांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे. तू माफ करावंस असं मी म्हणत नाही. पण मी तुझी माफी मागतो."